माळ्यावर सापडलेली जुनी छर्ऱ्याची बंदूक: कुठली असेल? शिकारीला चालेल का?

नारायणपेठी

नमस्कार मंडळी,

आमचा नारायण पेठेतला वाडा पुढच्या महिन्यात बिल्डरच्या ताब्यात जातोय, त्यामुळे गेले तीन रविवार आम्ही सगळे चुलत-आते भाऊ मिळून माळा रिकामा करतोय. पितळी हंडे, आजोबांच्या डायऱ्या, एक मोडका पाळणा, आणि सगळ्यांत शेवटी, तुळईला टेकवून ठेवलेली, गोणपाटात सुतळीने बांधलेली एअर गन.

आजोबा खडकीला दारूगोळा कारखान्यात होते. त्यांनी ती एका साहेबाकडून विकत घेतली, एवढंच आत्याला आठवतं. ती हिला "जर्मन बंदूक" म्हणते, पण आमच्या घरात दणकट दिसणारी प्रत्येक वस्तू जर्मनच असते. मोजपट्टीने लांबी १०४ सेंटिमीटर भरली. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर वजन २ किलो ७०० ग्रॅम. नळी मधून बिजागरीसारखी खाली मोडते. लाकूड सुंदर आहे, पण लोखंडावर मळ आणि गंज इतका आहे की काही वाचता येत नाही.

दोन प्रश्न आहेत. ही कुठली, किती जुनी, हे कसं ओळखायचं? आणि दुसरं, शिरूरकडे शेती करणारा माझा चुलतभाऊ म्हणतोय की मला दे, उसात रानडुकरं शिरतात, शिवाय ससे-तित्तर मिळतील. त्या कामाला ही चालेल का? मला यातलं काही कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

---

पवनाकाठ

एक नंबर ऐवज सापडलाय भावा! आत नवी जाड स्प्रिंग टाकून घे, ताकद वाढते. ससा आरामात पडेल. गावाकडे कोण विचारत बसतंय.

---

दापोडीचा फिटर

नारायणपेठी, आधी एक विनंती. चुलतभावाला इतक्यात काही कबूल करू नका. त्याबद्दल सविस्तर लिहीन, पण आधी ओळख पटवू.

मी चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली. जुन्या एअर गन दुरुस्त करणं हा तेव्हापासूनचा नाद. जत्रेतल्या फुगेवाल्यांच्या बंदुकांपासून सुरुवात झाली. नवरात्रात चतुःशृंगीला जाणारे दोघेतिघे दरवर्षी त्याआधी माझ्याकडे यायचे, वॉशर बदलून न्यायचे. तेव्हा हातात घेऊन सांगतो तसं सांगतो.

पहिली गोष्ट, ती आता चढवलेली आहे का ते बघा. माळ्यावर ठेवताना कुणी तशीच ठेवली असेल तर स्प्रिंग इतकी वर्षं दाबलेलीच असणार. नळी मोडताना अजिबात जोर लागला नाही तर समजा की एक तर चढवलेली आहे, नाहीतर स्प्रिंग तुटली आहे. अशा वेळी नळी पूर्ण बंद करा, जुन्या कपड्यांच्या गच्च भरलेल्या गाठोड्यात तोंड खुपसा आणि मगच चाप ओढा. नळी मोडलेली असताना चापाला बोट लावायचं नाही. नळी सणकन वर येते. लाकडी दस्ता त्याच्या बारीक मानेपाशी उभा चिरतो, आणि मध्ये बोट असेल तर बोटाचं काही खरं नाही. एका फुगेवाल्याच्या मुलाचा अंगठा असा फुटलेला मी पाहिलाय. घरात लहान मुलं असतील तर आजच्या आज कपाटात कुलूपबंद करा.

दुसरी गोष्ट, पॉलिश पेपर लावायचा नाही. गंज काढायच्या उत्साहात लोक ठसे घासून टाकतात आणि मग विचारतात, कुठली हो ही? मऊ फडक्यावर शिलाई मशीनचं तेल घ्या, लावून रात्रभर राहू द्या, सकाळी पुसा. दोनतीनदा केलंत की अक्षरं वर येतील. मग मोबाईलची बॅटरी आडवी धरून बघा. सरळ उजेडात ठसा दिसत नाही, आडव्या उजेडात दिसतो.

काय शोधायचं? नळीच्या मागे जो जाड गोल भाग आहे, ज्यात स्प्रिंग असते, त्याच्या माथ्यावर कारखान्याची खूण असते. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असतील तर ती बीएसए, बर्मिंगहॅमची. आपल्या आजोबांच्या सायकलवर जे नाव असायचं तेच मूळ घराणं, आधी बंदुका केल्या, मग सायकली. पंख फुटलेली गोळी असेल तर वेब्ली, तीही बर्मिंगहॅमचीच. बीएसएच्या नंबराआधी जी इंग्रजी अक्षरं असतात त्यांवरून मॉडेल कळतं, म्हणून नुसता आकडा लिहू नका, अक्षरासकट लिहा. तुमची मोडणारी आहे, म्हणजे बीएसएची एअरस्पोर्टर नक्की नव्हे. १९४८ साली आलेल्या त्या मॉडेलची नळी मोडत नाही, खालचा दांडा ओढून स्प्रिंग चढवतात आणि छर्रा वरच्या फिरत्या तोटीत टाकतात.

आणि बाईचं चित्र असेल तर डायना. तशी असेल तर "मेड इन" पुढे काय आहे ते नीट वाचा, कारण इथे जाणतेही फसतात. डायना हे रास्टाटच्या मायर उंड ग्रामेलश्पाखर या कारखान्याचं नाव. दुसरं महायुद्ध हरल्यावर त्यांची यंत्रं आणि नावाचा हक्क ब्रिटनमध्ये गेला. मग स्कॉटलंडमध्ये मिलब्रो नावाची कंपनी डायना नावानेच बंदुका बनवायला लागली. जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला तेव्हा ब्रिटनमध्ये त्याला स्वतःचंच नाव लावता येईना, तिथे "ओरिजिनल" नावाने माल विकावा लागला. म्हणून डायना लिहिलंय म्हणजे जर्मन, असं होत नाही.

आपल्याकडेही चांगलं काम झालंय. वालचंद हिराचंदांनी १९२६ साली सुरू केलेल्या इंडियन ह्यूम पाइपने, हो, सिमेंटचे पाइप करणाऱ्या त्याच कंपनीने, डायनाच्या ३५ नंबरच्या धर्तीवर एअर गन काढली होती. आयएचपी ३५ म्हणून लोक अजून शोधत फिरतात. तीही मोडणारीच, पण तुमच्या वजनावरून मला ती वाटत नाही. ३५ हाताला आणखी जड लागते.

पुसा आणि लिहा.

---

नारायणपेठी

काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. चढवलेली नव्हती, मोडताना चांगलाच जोर लागला. दोन रात्री तेल लावून ठेवलं.

बाईच आहे! इतकी बारीक नक्षी असेल असं वाटलं नव्हतं. तिने दोन्ही हातांनी... नाही, एकाच हाताने बंदूक डोक्यावर उंच धरलीये आणि दुसऱ्या हातातून काहीतरी खाली टाकतेय. खाली "मेड इन जर्मनी", आणि २७ आकडा. गोल भागाच्या डाव्या बाजूला, मागे, लाकडाच्या अगदी कडेला बारीक "११ ६०". नळीच्या मुळाशी ४,५ असं आहे, मध्ये टिंबाऐवजी स्वल्पविराम.

अजून एक. भावाने उत्साहात दस्त्याचे स्क्रू काढले (तुम्हाला विचारायला हवं होतं). लाकडाखाली झाकलेल्या भागावर गंजाचे खड्डे आहेत, वर दिसणाऱ्या भागापेक्षा जास्त. आणि लाकडाच्या खाचेत वाळलेली, पिठासारखी बारीक माती.

---

दापोडीचा फिटर

तुमच्या आत्याबाई बरोबर होत्या. ही जर्मन डायना, मॉडेल २७.

त्या बाईच्या हातातून पडतंय ते धनुष्य आहे. डायना ही रोमन लोकांची शिकारीची देवता. आता एअर गन आली, धनुष्यबाण फेकून दिले, असा त्या चित्राचा अर्थ. "११ ६०" हा मॉडेलचा आकडा नाही, महिना आणि साल आहे. नोव्हेंबर १९६०. हा कारखाना युद्धानंतरच्या बंदुकांवर असा ठसा मारायचा, त्यामुळे डायनाचं वय काढायला बाकी काही लागत नाही. ४,५ म्हणजे नळीचा व्यास साडेचार मिलिमीटर. जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम देतात. हे मॉडेल साडेपाचमध्येही यायचं, तुमची साडेचारची आहे हे फार बरं झालं. का ते खाली येईल.

तुमचा मातीचा मजकूर वाचल्यापासून मी त्याचाच विचार करतोय. वरून पडणारं पाणी वर गंजवतं. लाकडाखाली खड्डे पडायला पाणी आत शिरून थांबावं लागतं. नोव्हेंबर १९६० ला कारखान्यातून निघालेली बंदूक, नारायण पेठेतलं घर, आणि १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटून पुण्यात आलेला पूर. आजोबांनी ती पुराच्या आधी घेतली की नंतर, ते आत्याबाईंना विचारा. नंतर घेतली असेल तर माझा तर्क गेला, मग तो नुसता माळ्यावरचा दमटपणा आणि धूळ. पण आधी घेतली असेल तर ती माती झाडू नका. एका कागदाच्या पुडीत काढून ठेवा.

आता ती पूर्ण उघडू नका. आतली स्प्रिंग दाबात बसवलेली असते. शिकंजा न लावता मागचं बूच काढलं तर ते छातीवर येतं. आणि २७ नंबरच्या चापाची गंमत वेगळीच आहे. बाकी बंदुकांत दट्ट्याला, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने पुढे जाऊन हवा दाबणाऱ्या पिस्टनला, एका हुकाने अडकवलेलं असतं, इथे तीन पोलादी गोळ्या आहेत, सायकलच्या छर्ऱ्यांसारख्या. चढवताना त्या तिन्ही बाजूंनी दट्ट्याच्या दांड्याच्या खाचेत बसतात आणि सगळा जोर तिघींत वाटला जातो. चाप ओढला की त्यांच्याभोवतीची बांगडी सरकते, गोळ्या बाहेर निसटतात, दट्ट्या सुटतो. म्हणून त्याचा चाप काच फुटल्यासारखा कुरकुरीत, स्वच्छ तुटतो. मी पहिल्यांदा उघडली तेव्हा त्यातली एक गोळी फरशीवर पडून कपाटाखाली गेली, आणि ती सापडेपर्यंत मी जेवलो नव्हतो. इतकं अचूक काम मी पुढे टूलरूममध्येही फार कमी पाहिलं.

आता शिकार. पवनाकाठ, हे तुमच्यासाठीही आहे, रागावून लिहीत नाही.

हिशेब बघा. साडेचारचा छर्रा साधारण अर्धा ग्रॅम. २७ नंबर नवी असताना तो सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास जायचा. म्हणजे ८ ज्यूल. आठशे ग्रॅमचा हातोडा एक मीटरवरून पायावर पडला तर जेवढी ऊर्जा, तेवढी. फरक एवढाच की ती ऊर्जा एका टोकावर येते, म्हणून कातडी फुटते. पॉइंट टू टूची साधी रायफल दीडशे ज्यूलच्या आसपास असते, आणि रानडुकरासाठी तीही थिटी. रानडुकराची कातडी आणि चरबी यांत हा छर्रा रुतून बसेल, जनावर चवताळेल आणि तुमच्या भावाच्या अंगावर येईल. जाड स्प्रिंगने यातलं काही बदलत नाही. दट्ट्या जास्त आपटतो, नेम हलतो, जुनं चामडी वॉशर फाटतं, सांधा ढिला होतो. साठ वर्षं टिकलेली वस्तू साठ दिवसांत संपते.

मग ससा, तित्तर? लहान जीव तर मरेल ना? हेच मीही म्हणायचो.

१९७४ साली मी बारा वर्षांचा होतो. सासवडजवळ मामाच्या मळ्यात विहिरीवर उंबराचं मोठं झाड होतं. मामाच्या मित्राची एअर गन, मला भीक मागून मिळालेली. झाडावर हरियालांचा थवा उतरला. हिरव्या पानांत हिरवी पाखरं, फळ पडलं की तेवढी हलतात. मी एकावर नेम धरला. लागला. ते पडलं नाही, उडालं, आणि बांधापलीकडे ज्वारीत उतरलं. अर्ध्या तासाने मला ते सापडलं. पाय हळदीसारखे पिवळे, खांद्यावर जांभळट पट्टा. गळ्याच्या पिशवीला भोक पडलं होतं आणि त्यातून खाल्लेल्या उंबरांचं बी बाहेर येत होतं. ते जिवंत होतं. टोपलीखाली ठेवून मी त्याला पाणी पाजत होतो आणि पाणी त्या भोकातून माझ्या तळहातावर येत होतं. आजी काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते मेलं.

नेम चुकला म्हणून असं झालं नव्हतं. नेम बरोबर होता, बंदुकीत तेवढंच बळ होतं. अशा बंदुकीने मारलेली बरीचशी पाखरं हाती लागतच नाहीत, कुठेतरी झुडपात जाऊन दोनतीन दिवसांनी मरतात, आणि मारणारा म्हणतो, हुकला. तेच हरियाल आज आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि त्यात मारण्याचा नुसता प्रयत्न, पिटाळणं, सापळा लावणं हे सगळं शिकारच धरतात. शेत आपलं असलं तरी त्यातला ससा आपला नसतो. शिरूरकडे म्हणालात, मोराची चिंचोली त्याच तालुक्यात. तिथे चुकून मोर पडला तर पहिल्या अनुसूचीतला गुन्हा, किमान तीन वर्षं कैद. डुकरांनी ऊस लोळवला असेल तर भावाने वनखात्याकडे लगेच अर्ज करावा, पंचनामा होतो, नुकसानभरपाईची सोय आहे. रानडुकराचा बंदोबस्त करायचाच झाला तर तो खात्याच्या परवानगीने आणि योग्य हत्याराने होतो, माळ्यावरच्या एअर गनने नाही.

आणि साडेचार मिलिमीटरचं महत्त्व असं की २० ज्यूलच्या आतली, साडेचारपर्यंतची एअर गन बाळगायला परवाना लागत नाही. साडेपाचची निघाली असती तर आधी पोलिसांकडे परवान्याचं बघावं लागलं असतं. परवाना लागत नाही याचा अर्थ जीव मारायची मुभा आहे असा मात्र कुणी घेऊ नये.

---

दहामीटर

फिटर काका, हरियालाचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

मी बालेवाडीला क्रीडासंकुलात १० मीटर एअर रायफलचा सराव करते. नारायणपेठी, तुमचं हे मॉडेल स्पर्धेचं नाही, पण चालू झालं तर कागदावर मारायला अतिशय आनंदाचं आहे. व्यास तोच, साडेचार. आमच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेन्सिलीच्या टोकाएवढा. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुने कपडे ठासून भरायचे, मागे जाड प्लायवूड आणि त्याच्यामागे भिंत. पेठेतल्या गच्चीवर मात्र नको, चारी बाजूंना लोकांच्या खिडक्या. सपाट तोंडाचे छर्रे घ्या, कागदाला पंचसारखं गोल भोक पडतं. छर्रे शिशाचे असतात, नंतर हात साबणाने धुवा.

---

दापोडीचा फिटर

हे फार महत्त्वाचं सांगितलंत ताई. छर्रे ओठात धरायची सवय मी कितीतरी जणांची पाहिली आहे, माझीही होती. अजिबात धरू नयेत. आणि छर्रा न घालता नुसती उडवून बघायची नाही. पुढे छर्रा असला की हवा कोंडते आणि त्या गादीवर दट्ट्या थांबतो. छर्रा नसेल तर लोखंडावर लोखंड आपटतं.

---

पवनाकाठ

काका, स्प्रिंगचं मी ऐकीव बोललो. आमच्याकडे पोरं सर्रास पाखरं मारतात, कधी वेगळा विचारच केला नव्हता. धाकट्या भावाला हा धागा वाचायला दिलाय.

---

नारायणपेठी

आत्याशी काल बोललो. पुराच्या दिवशी ती नऊ वर्षांची होती. बंदूक कधी घेतली ते तिला नक्की सांगता येईना. पण तिने एक सांगितलं. पाणी ओसरल्यावर आजोबांनी अंगणात एक चारपाई टाकली होती आणि त्यावर घरातल्या वस्तू वाळत घातल्या होत्या. पुस्तकं, शिलाई मशीन, आणि "ती लांब काठी", जिला कुणी हात लावायचा नाही असं त्यांनी बजावलं होतं. ती काठी म्हणजे हीच का, ते तिला माहीत नाही. त्यानंतर आजोबांना कधी बंदूक चालवताना पाहिल्याचंही तिला आठवत नाही.

माती पुडीत ठेवली आहे. भावाला तुमचा प्रतिसाद पाठवला. तो आधी चिडला, मग रात्री फोन करून वनखात्याच्या अर्जाला काय काय लागतं ते विचारत होता.

बंदूक आमच्याकडेच राहील. काका, तुमच्याकडे आणली तर बघाल का?

---

दापोडीचा फिटर

या रविवारी सकाळी दहानंतर या, पत्ता निरोपात पाठवतो. बसमध्ये उघडी आणू नका. पडद्याच्या कापडात गुंडाळून, वर बंद पिशवी, नळी रिकामी आहे हे घरातून निघताना दोनदा बघून. काढलेले स्क्रू वेगळ्या डबीत आणा, ते जर्मन आट्यांचे आहेत, इथे दुकानात मिळत नाहीत. वॉशर मी चामड्याचं कापून ठेवतो. आणि आत्याबाईंना जमत असेल तर त्यांनाही घेऊन या. खाली बसायला जागा आहे, जिना चढावा लागणार नाही.